कोळशाच्या पुरचुंडीतली वीज



छताचा पंखा मंद फिरू लागला की आपण मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री वर पाहतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला." तो नवा कंडेन्सर लावतो आणि पंखा पुन्हा जोरात फिरू लागतो. शेतावरच्या मोटारीलाही कंडेन्सर असतो. हे नाव गावात सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या पोटात काय असते, ते थोड्यांनाच ठाऊक असते.

आज आपण या कंडेन्सरच्या एका थोरल्या भावाची ओळख करून घेऊ. त्याला सुपरकॅपॅसिटर म्हणतात. आपण त्याला महाकंडेन्सर म्हणू. तो कोळसा, मीठ, पाणी आणि कापड यांपासून घरी करून पाहता येतो. तो कसा करावयाचा, हे या धड्यात आहे. त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, हेही या धड्यात आहे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे. का, ते पुढे कळेल.

गोष्ट कशी निघाली

आमचा रात्रीचा वर्ग शाळेच्या ओसरीवर भरतो. रोवणीच्या आधीचे दिवस होते. एक काकाजी वर्गाला आले. त्यांच्या हातात मोबाइल होता. त्यावर एक चित्रफीत चालू होती. एक माणूस कोळशाचा डबा दाखवीत होता. तो म्हणत होता, "मीठ आणि कोळसा घ्या. रात्रभर घर उजळा. विजेचे बिल विसरा." शेवटी त्याने तयार डबा विकत घेण्याचा पत्ता दिला होता. किंमत होती ३,००० रुपये.

काकाजींनी विचारले, "गुरुजी, हे खरं आहे का जी? माझी नात दहावीला आहे. पावसाळ्यात लाईट जाते आणि पोरीचा अभ्यास बुडते. रोवणीच्या मजुरीचे पैसे घरात ठेवले आहेत. त्यातूनच घ्यावं म्हणतो."

मी म्हटले, "काकाजी, आठ दिवस थांबा. डबा विकत घेऊ नका. आपण इथेच करून पाहू. खरे असेल तर कळेल. खोटे असेल तरी कळेल."

काकाजी थांबले. वर्ग कामाला लागला.

वीज कशी बसते?

पाण्यात मीठ टाकले की ते विरघळते. तेव्हा मिठाचे अति बारीक कण सुटे होतात. ते दोन प्रकारचे असतात. काहींवर अधिक वीज असते, काहींवर उणी. शास्त्रात त्यांना आयन म्हणतात.

आता मिठाच्या पाण्यात कोळशाच्या दोन पुरचुंड्या ठेवा. एक सेलच्या अधिक टोकाला जोडा, दुसरी उण्या टोकाला. काय होईल? उणे कण अधिक पुरचुंडीकडे धावतील. अधिक कण उण्या पुरचुंडीकडे धावतील. लग्नाच्या मांडवात मुलाकडचे एका अंगाला बसतात आणि मुलीकडचे दुसऱ्या अंगाला. तसेच हे. कण कोळशाच्या भिंतीला अगदी चिकटून बसतात. सेल काढून घेतला तरी ते काही वेळ तसेच बसून राहतात. यालाच आपण म्हणतो, वीज साठली. पुढे दोन्ही पुरचुंड्यांना दिवा जोडला की कण जागा सोडतात आणि दिवा लागतो.

बॅटरीत असे होत नाही. बॅटरीत आतला माल बदलतो. त्याला वेळ लागतो आणि दर वेळी थोडी झीज होते. म्हणून बॅटरी काही शेकडा किंवा काही हजार वेळा भरता येते. महाकंडेन्सरात कण फक्त बसतात आणि उठतात. म्हणून तो पटकन भरतो, पटकन रिकामा होतो. कारखान्यात केलेला चांगला महाकंडेन्सर लाखो वेळा भरता येतो.

मग कोळसाच का?

जास्त कण बसावयाचे तर जास्त जागा पाहिजे. कोळशात बारीक बारीक छिद्रे असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. एकेका छिद्राच्या आत आणखी छिद्रे. या सगळ्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर किती जागा होईल? पाणी गाळण्याच्या मशीनमध्ये जो खास कोळसा असतो, त्याच्या एका ग्रॅमची जागा सुमारे १,००० चौरस मीटर भरते. म्हणजे जवळजवळ पाव एकर! चिमटीत मावणाऱ्या कोळशात पाव एकराचा बांध.

आपल्या जिल्ह्यात तिरोड्याला वीज केंद्र आहे. तिथेही कोळसा लागतो. पण तिथे कोळसा जळतो आणि त्याच्या उष्णतेने वीज तयार होते. आपल्या पेल्यात कोळसा जळत नाही. तो वीज तयारही करीत नाही. तो फक्त बसायला जागा देतो. हे नीट ध्यानात ठेवा. महाकंडेन्सर ही विहीर नव्हे, तो माठ आहे. जेवढे ओताल, त्याहून थोडे कमीच निघेल.

ही युक्ती किती जुनी?

वीज साठविण्याची पहिली बरणी १७४५-४६ च्या सुमारास युरोपात झाली. हॉलंडमधील लायडन गावावरून तिला लायडन बरणी म्हणतात. १८५३ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने, पातळ द्रवात भिंतीशी विजेचे दोन थर कसे बसतात, याचा विचार मांडला. १९५७ साली अमेरिकेत बेकर नावाच्या संशोधकाला छिद्रांच्या कोळशापासून केलेल्या कंडेन्सरचे पेटंट मिळाले. २००६ साली चीनच्या शांघाय शहरात अशा कंडेन्सरवर बस धावू लागली. ती थांब्यावर उभी राहून थोडक्या वेळात वीज भरून घेई आणि पुढे जाई. आपल्या देशात केरळातील कण्णूर येथे केल्ट्रॉन या सरकारी कंपनीने इस्रोच्या साहाय्याने महाकंडेन्सरचा कारखाना उभारला. तो २०२४ साली सुरू झाला.

आपले मराठी मुलूखही मागे नाहीत. २०१३ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या वाळून गळालेल्या पानांपासून असा कोळसा केला. हवा न लागू देता पाने फार मोठ्या उष्णतेत भाजली. त्या कोळशाने विजेचा साठा उत्तम केला. जो पाला आपण झाडून उकिरड्यावर टाकतो, त्याची ही किंमत!

वर्गातील एका मावशीने विचारले, "मग आपल्या धानाच्या तुसाचं काय जी? गोंदियाच्या राइस मिलबाहेर ढीग पडून राहतात."

प्रश्न बरोबर होता. गोंदिया म्हणजे तांदळाचे शहर. धानाच्या तुसापासूनही असा कोळसा होतो. पण तुसात वाळूच्या जातीचा एक पदार्थ पुष्कळ असतो. त्याला सिलिका म्हणतात. तूस जाळून जी पांढरी राख उरते, ती बहुतेक सिलिकाच. सिलिकातून वीज जात नाही. ती काढायला कडक क्षार लागतात आणि ते हात भाजतात. म्हणून ते काम प्रयोगशाळेचे. घरी लाकडाचा किंवा नारळाच्या कवटीचा कोळसाच बरा.

आमची पहिली चूक

पहिल्या दिवशी आम्ही चुलीतले कोळसे कुटले. ते अॅल्युमिनियमच्या पातळ पन्नीवर पसरले, मिठाचे पाणी शिंपडले आणि मध्ये कापड घातले. दिवा लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पन्नीला भोके पडली होती. मिठाच्या पाण्याने आणि विजेने ती खाल्ली होती.

दोन गोष्टी शिकलो. एक, मिठाच्या पाण्यात अॅल्युमिनियम टिकत नाही. दोन, अर्धवट जळालेल्या कोळशातून वीज नीट जात नाही. कोळसा चांगला तापून पक्का झालेला पाहिजे. त्याची खूण सोपी आहे. पक्का कोळसा दगडावर आपटला तर खणखण वाजतो. कच्चा कोळसा बद्द वाजतो.

सामान

१. पक्का कोळसा किंवा पाण्याच्या मशीनच्या जुन्या फिल्टरमधला कोळसा. तो बहुधा नारळाच्या कवटीचा असतो.
२. संपलेल्या साध्या टॉर्च सेलमधल्या काळ्या कांड्या, आठ. अशी कांडी कार्बनची असते. तिला पाणी आणि मीठ खात नाही.
३. तलम सुती कापड आणि दोरा.
४. काचेचे किंवा प्लास्टिकचे चार लहान पेले.
५. खाण्याचे मीठ आणि पाणी.
६. वायरचे तुकडे, टॉर्चचे दोन चांगले सेल.
७. तांबडा छोटा एल.ई.डी. दिवा आणि १०० ओहमचा रोधक. मोबाइल किंवा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन्ही मिळतात. रोधकाला तिथे रेझिस्टर म्हणतात.

कांडी काढताना जपावे. सेल फक्त साधा, स्वस्त, जुन्या पद्धतीचा घ्यावा. ज्यावर अल्कलाइन लिहिले आहे तो सेल फोडू नये. मोबाइलची बॅटरी तर कधीच फोडू नये, ती पेट घेते. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी. आतली काळी पूड मुलांच्या हाती देऊ नये आणि विहिरीजवळ टाकू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावे.

कृती

पहिले काम कोळशाचे. लाकडाचा कोळसा असेल तर तो पुन्हा तापवून घ्या. लोखंडी डब्यात भरा. झाकण लावा, झाकणाला एक बारीक भोक ठेवा. डबा लाल होईपर्यंत विस्तवात तासभर ठेवा. लोहाराच्या भट्टीत हे काम छान होते. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नका, नाही तर कोळसा पेटून राख होईल. हे काम उघड्या अंगणातच करा. कोंडलेल्या खोलीत विस्तवाचा विषारी वायू जीव घेतो आणि त्याचा वासही येत नाही.

दुसरे काम. कोळसा बारीक कुटा आणि कापडातून चाळा. मग मिठाच्या दाट पाण्यात दहा मिनिटे उकळा. विरघळेल तेवढे मीठ घाला. उकळताना बुडबुडे येतात. ती छिद्रांतली हवा. हवा निघाली म्हणजे पाणी आत शिरते. पाणी शिरले नाही तर पाव एकर जागा असून नसल्यासारखी.

तिसरे काम. कापडाच्या तुकड्यावर दोन चमचे ओला कोळसा घ्या. मधोमध कांडी उभी ठेवा. कांडीचे पितळी टोपण वर राहू द्या. कापड गोळा करा आणि दोऱ्याने खूप आवळून बांधा. सैल पुरचुंडी कामाची नाही. कण एकमेकांना भिडले तरच वीज पुढे जाते. अशा आठ पुरचुंड्या करा.

चौथे काम. एका पेल्यात दोन पुरचुंड्या ठेवा. त्यांच्या कांड्या एकमेकींना लागू देऊ नका. मिठाचे पाणी ओता. पितळी टोपणे पाण्याच्या वर कोरडी ठेवा. रात्रभर भिजू द्या.

पाचवे काम. पेले साखळीसारखे जोडा. पहिल्या पेल्याची दुसरी कांडी, दुसऱ्या पेल्याच्या पहिल्या कांडीला. असे चारही पेले. साखळीची दोन टोके मोकळी राहतील.

सहावे काम. टॉर्चचे दोन सेल एकापुढे एक लावा. त्यांचा दाब ३ व्होल्ट होतो. ही दोन टोके साखळीला पंधरा मिनिटे जोडा. अधिक टोक कुठे लावले ती खूण करून ठेवा. मग सेल काढा. खुणेच्या टोकाला रोधक आणि दिव्याचा लांब पाय जोडा. दुसऱ्या टोकाला आखूड पाय.

चार पेले का? ३ व्होल्ट चौघांत वाटले तर एकेकाला पाऊण व्होल्ट येतो. एका पेल्याला १ व्होल्टच्या आतच ठेवावे. दाब वाढत गेला की पाणी फुटू लागते. फार वाढला तर मिठातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो.

दिवा लागला

आठव्या दिवशी ओसरीवर सगळे जमले. दिवे बंद केले. काकाजींच्या नातीने वायर जोडली. तांबडा दिवा लागला! कुठे सेल नाही, कुठे बटन नाही. चार पेल्यांत कोळसा आणि मीठ. पोरांनी टाळ्या वाजविल्या.

आम्ही घड्याळ लावले. उजेड मंद मंद होत गेला. १२ मिनिटांनी तो दिसेनासा झाला.

काकाजी गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, आता हिशोब करा."

फळ्यावरचा हिशोब

विजेचे काम ज्यूलमध्ये मोजतात. १०० ग्रॅमचा पेरू एक मीटर उचलायला सुमारे १ ज्यूल काम लागते. १ वॉटचा दिवा दर सेकंदाला १ ज्यूल खातो.

आमचा तांबडा दिवा अगदी लहान. तो एका वॉटचा सुमारे शंभरावा भाग खातो. १२ मिनिटे म्हणजे ७२० सेकंद. ७२० चा शंभरावा भाग म्हणजे सुमारे ७. चार पेल्यांतून दिव्याला ७ ज्यूल वीज मिळाली.

घरातला एल.ई.डी. बल्ब ९ वॉटचा. तो दर सेकंदाला ९ ज्यूल खातो. म्हणजे आमचे चार पेले त्याला एक सेकंदही पुरे पडत नाहीत.

नातीने एक तास अभ्यास करावयाचा तर? एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. ३,६०० गुणिले ९ म्हणजे ३२,४०० ज्यूल. भागिले ७. उत्तर आले सुमारे ४,६००. चार पेल्यांचे ४,६०० संच! ओसरीच काय, सारी शाळा भरून जाईल.

आणि मोबाइलची बॅटरी? ती साधारण ५,००० मिलिअँपिअर तासांची असते. तिच्यात सुमारे ७०,००० ज्यूल मावतात. आमच्या पेल्यांच्या १०,००० पट.

कारखान्यातला महाकंडेन्सर आमच्या पेल्यांपेक्षा पुष्कळ चांगला असतो. तरी वजनाच्या मानाने तोही बॅटरीपेक्षा कितीतरी कमी वीज साठवितो. त्याचे बळ वेगात आणि टिकाऊपणात आहे, साठ्यात नाही. म्हणून बसला, पवनचक्कीला, मोठ्या यंत्रांना जिथे क्षणात झटका लागतो, तिथे तो उपयोगी पडतो.

काकाजींनी फळ्याकडे पाहिले. गेल्या वर्षी त्यांना आकडे वाचता येत नव्हते. आता त्यांनी भागाकार आपल्या वहीत पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आले. ते म्हणाले, "तो डब्यावाला फक्त दिवा दाखवत होता जी. घड्याळ दाखवत नव्हता."

रोवणीची मजुरी घरातच राहिली. नातीसाठी त्यांनी पुढे एक साधा सौर कंदील घेतला. त्यात बॅटरी असते. दिवसा उन्हात ठेवला की रात्री अभ्यासाला उजेड पुरतो.

मग पेले फेकून दिले का?

नाही. एका मावशीने विचारले, "पेले सेलनेच भरायचे, तर सेलच दिव्याला का नाही लावायचा?" अगदी खरे. सेल आपण परीक्षेसाठी वापरला. खरा उपयोग उन्हाचा. बिघडलेल्या सौर दिव्याची छोटी पट्टी असेल तर तिने पेले भरता येतात. पण आधी मिस्त्रीकडून उन्हात तिचा दाब मोजून घ्यावा. ३ व्होल्टला चार पेले, ६ व्होल्टला आठ. दाब वाढला तर पेलेही वाढवावे.

दुसरी अडचण अशी की हा माठ गळका असतो. भरून ठेवला तरी काही तासांत आपोआप रिकामा होतो. सकाळी भरलेला रात्री कामाला येईल असे नाही. म्हणून संध्याकाळच्या उन्हात भरावा. दिवेलागणीला लाईट गेली तर चूलघराच्या उंबऱ्यावर तांबडा दिवा जोडावा. चिमणी आणि काडेपेटी सापडेपर्यंत तेवढा उजेड पुरतो. पावसाळ्यात अंधारात पाय कुठे पडतो, हे आपल्या भागात सांगायला नको. साप दिसला की माणूस थांबतो. तेवढ्यासाठी १२ मिनिटे थोडी नाहीत.

सावधगिरी

घरातल्या विजेच्या फळीला हे पेले कधीही जोडू नये. पंख्याचा किंवा मोटारीचा कंडेन्सर उघडू नये. बटन बंद केल्यावरही मोटारीच्या कंडेन्सरात वीज शिल्लक असू शकते आणि जबर झटका बसतो. ते काम मिस्त्रीवर सोडावे. पेल्यातले पाणी पिऊ नये, गुरांच्या गव्हाणीत टाकू नये.

बंधू-भगिनींनो, नवी गोष्ट पाहिली की लगेच खोटी म्हणू नका आणि लगेच पैसेही काढू नका. करून पाहा, मोजून पाहा, मग ठरवा. कोळशात वीज बसते, हे खरे. ती रात्रभर घर उजळते, हे खोटे. दोन्ही एकाच पेल्यात आम्हाला कळले. अक्षर आणि अंक शिकल्याचा हाच लाभ.

नवे शब्द

आयन – वीज असलेला अति बारीक कण
रोधक – विजेचा ओघ कमी करणारी वस्तू
व्होल्ट – विजेचा दाब मोजण्याचे माप
ज्यूल – काम मोजण्याचे माप

प्रश्न

१. महाकंडेन्सर हा माठ आहे, विहीर नव्हे, असे का म्हटले?
२. कोळसा आधी मिठाच्या पाण्यात का उकळावा?
३. पहिल्या प्रयोगात दिवा का लागला नाही? दोन कारणे लिहा.
४. तुमच्या घरातला बल्ब किती वॉटचा आहे ते वाचा. तो दोन तास लावला तर किती ज्यूल खाईल? हिशोब करून वर्गात दाखवा.
५. मोबाइलवर पाहून तुमच्या गावात कोणी काही विकत घेतले आहे का? ते घेण्याआधी काय मोजावयास हवे होते?